खेचराची पोळी

सुमेध, मैत्रेयी,

हे मी मराठीत लिहिते आहे आणि तुम्ही ते सावकाश का होईना, स्वतः वाचायचं आहे. शब्द अडला तर आईबाबांना विचारा, फोनमधल्या भाषांतराला विचारू नका. मागच्या रविवारी आपण बोललो तेव्हा मैत्रेयीने टोरांटोहून विचारलं, "मोठी आजी गेली, आता पोळ्याला त्या 'दिवसा'ची गोष्ट कोण सांगणार?" सुमेध तिकडे रॉटरडॅमच्या खोलीत बसून म्हणाला, "गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ना." ते त्याने लावलं. हौशा बैलाची घंटा ऐकू आली, त्याचं खाणं ऐकू आलं, पडद्याच्या कोपऱ्यात माझा अंगठा दिसला आणि तुमच्या मोठ्या आजीचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा, आवाज वाऱ्यात विरून गेला. तुम्ही ते बंद केलंत. "आजी, तुला येतो का गं तो दिवस सांगायला?" असं काही तुमच्या मनात आलं नाही.

परवा पोळा आहे, म्हणून आज लिहायला बसले. पण यातलं बरंचसं मला अक्कांशी, म्हणजे तुमच्या मोठ्या आजीशी, बोलायचं आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

अक्का,

तुम्हाला जाऊन महिना व्हायचा आहे. पुण्यानुमोदनाला अर्धं गाव आलं होतं. वंदना झाली, माणसं जेवली, आणि अंकुश कुंभार हात पुसत तुमच्या मिलिंदसमोर येऊन उभा राहिला.

"मिलिंद, एक इच्यारू का? औंदा आमच्या गाढवाला पोळी हाय का न्हाई?"

"अंकुशकाका, आज तरी राहू द्या."

"माझं काय न्हाई रे. गाढव इच्यारतंय."

लोक हसले. तुम्हीही हसला असता. मग सगळ्यांनी मिलिंदकडे पाहिलं, त्याने बायकोकडे पाहिलं, रमाने पदराने डोळे पुसले. मी तिथेच खुर्चीवर होते. बीडच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली, त्या गोष्टीतले तिन्ही मुलूख नकाशावर बोटाने दाखवू शकणारी या घरातली एकटीच बाई. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. तुम्ही गेलात तरी ती जागा तुमचीच राहिली, आणि मी होते तिथेच, दावणीपासून चार हात लांब.

आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, दिवस तुमच्या हवाली केला ती संध्याकाळ मला रोज आठवते असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, मास्तरीण वाढवून सांगायली. रोज नाही, पण दर पोळ्याला आठवली. आत्याबाईंना उभं राहवत नव्हतं. त्या गोठ्यात उंबऱ्यावर बसल्या होत्या. तुमचे हात कोपरापर्यंत तुपाने माखलेले. मी पुरणपोळ्यांची परात घेऊन लांब उभी, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला बैलाने मान हलवली, माझा पदर शिंगात अडकून टरकन फाटला, आणि तेव्हापासून मी बैलाच्या जवळ गेले नाही. आत्याबाई म्हणाल्या, "जिचा हात बैलाच्या खांद्यावर हाय, तिनं सांगायचं." एवढंच. परीक्षा नाही, मुलाखत नाही. तुम्ही चकलांब्याच्या, जनावरांत वाढलेल्या. मी औरंगाबादची, रेल्वेच्या क्वार्टरमधली. माझ्या माहेरी जनावर म्हणजे पिंजऱ्यातला पोपट.

तुम्ही तिथेच, पहिल्यांदाच, बैलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायला लागलात. तो खातो आहे तोवर दिवस सांगून संपवायचा, हा आपल्या घरचा नियम. बैलाने शेवटचा घास घेतला आणि तुमचं शेवटचं वाक्य संपलं. आत्याबाई रडल्या. मी परात घासायला गेले.

मुलांनो, खांदेमळणी म्हणजे काय ते तुम्हाला नीट कुणी सांगितलं असेल की नाही कोण जाणे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यावर, जिथे वर्षभर जू बसतं तिथे, कोमट पाण्याने शेकायचं, तूप आणि हळद चोळायची आणि त्याला जेवणाचं निमंत्रण द्यायचं: आज आवतण घे, उद्या जेवायला ये. छप्पन साली आपण धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, बैलाची आरतीही गेली, पण खांदेमळणी राहिली. मामंजी, म्हणजे तुमचे खापरपणजोबा नव्हेत, पणजोबा, म्हणत, "बैल देव न्हाई. घरचा माणूस हाय. माणसाला जेवायला बोलवायला काय हरकत?"

आता तो दिवस इथे लिहिते, अक्का. तुमच्याच शब्दांत. चुकलं तर टोकायला तुम्ही नाही, हे पहिल्यांदाच होतं आहे.

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटाकडे आलेलं एक साल. आपल्या घरचे तिघे भाऊ तीन मुलखांत होते. थोरले मामंजी, मधले नाना, धाकटे बापू. पाटोद्याकडून निजामाची हद्द ओलांडून चालत नगरला गेलेले आणि इंग्रजांच्या फौजेत भरती झालेले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या घरातली पोरं. फौजेत निदान पायात बूट मिळत होते. तिघांचीही एकमेकांना खबर नव्हती. पण तिघांनाही श्रावणाची अमावास्या ठाऊक होती, आणि घरापासून हजारो मैलांवर तिघांनीही आपापल्या परीने पोळा केला. परत आल्यावर एकमेकांना सांगताना तिघांना ते कळलं म्हणे. तोच हा दिवस.

"पयलं ऊन बर्मात," तुम्ही सुरुवात करायच्या. "ऊन कशाचं, पाऊसच. डोंगराची वाट, गुडघाभर चिखुल. बापूपाशी एक खेचर. त्याची नरडी डाक्तरांनी आतून कापलेली. वरडलं तर जपान्याला कळंल म्हून. आदल्या दिशी बापूनं लंगरातली हळद आन डब्यातलं तूप आणून त्याची पाठ मळली, आन त्या मुक्या जनावराच्या कानात बोलला, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. सकाळी उठून सामान लादलं आन निघाले. बापूच्या खिशात पुरी आन गुळाचा खडा. दुपारी मुक्काम पडला की खेचराला द्यायचा."

इथे तुम्ही थांबायच्या. मुलं फोनमधून म्हणायची, "मग?" तुम्ही म्हणायच्या, "मग काय, ऊन पुढं गेलं. आलं आपल्या गावात."

गावात आत्याबाई. नवी नवरी, आणि घरात एक बैल. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल वेशीखाली मानाच्या क्रमाने जायचे आणि आपल्या लोकांचे बैल वेशीबाहेरच, शेवटी. बैल बाईने धरायचा नाही. आत्याबाई कासरा धरून वेशीपाशी गेल्या. कुणीतरी ओरडलं, "बाप्ये मेले काय गं तुमच्या घरचे?" आत्याबाई म्हणाल्या, "मेले न्हाईत. तुमच्या वाटची लढाई करायलेत. तवर मी हाय." आणि बैल घेऊन तोरण उतरेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या. घरी पुरण नव्हतं. बाजरीच्या भाकरीत गूळ कुस्करून दिला.

"मग ऊन गेलं इराकात." मामंजी लॉरी चालवायचे. वाळवंटातून इराणकडे, रशियाला पोचवायचं सामान घेऊन. त्यांनी लॉरीच्या पुढच्या चाकावरचा पत्रा ग्रीस लावून चोळला, दिव्यांभोवती लाल रंग दिला, आरशाला चिंधी बांधली. हैदराबादेकडचा एक ड्रायव्हर हसला, "क्या बे, गाडीकी शादी है क्या?" मामंजी म्हणाले, "चूप बे. हमारा बैल आज येच है." मग त्या हैदराबादी माणसानेही आपल्या लॉरीला चिंधी बांधली.

"आन मग ऊन गेलं इटलीत." तिथे नाना. पडक्या मळ्यात पलटण थांबलेली. एका म्हाताऱ्याने तळघरात पांढराशुभ्र बैल लपवलेला, जर्मनांनी बाकीची जनावरं नेली होती. नाना आवाजाच्या मागाने खाली उतरले. म्हाताऱ्याला वाटलं, हा कापायलाच आला. तो बैलाच्या गळ्यात पडून रडायला लागला. नाना बैलाच्या खांद्यावर हात फिरवत राहिले. "वर अंगणात फळीवर टमाट्याचा रस वाळत घातलेला. नानानं बोटभर घेतला, बैलाच्या कपाळाला टिळा लावला. म्हातारा बघतच ऱ्हायला. मग त्याची बायकू आली. तिनंबी बोट बुडवलं आन नानाच्याच कपाळाला टिळा लावला. तिला वाटलं, यांच्यात असंच असतंय."

मग तुम्ही बर्मात परत यायच्या. बैलाचे दोन-चार घास उरलेले असायचे.

"बापूचं खेचर दुपारच्या आधीच वाटंवरनं निसटलं. खाली दरी. मुकं होतं, वरडायबी आलं न्हाई. सांच्याला बापू पुरी हातात घिऊन बसला. मोप दिसांनी ढग फाटलं आन अर्धा चांद दिसला. बापूनं पुरी खाल्ली न्हाई, टाकलीबी न्हाई. आवतण दिलेलं जनावर उपाशी गेलं. म्हून आपल्या घरात पोळ्याला एक पोळी खेचराची. खेचर कुठनं आणायचं, तर कुंभाराच्या गाढवाला."

हा तुमचा दिवस. सगळे म्हणतात, अक्कांसारखा कुणाला जमणार नाही. मीही म्हणते. पण अक्का, आज मला हिशेब विचारू द्या. टोमॅटो कुणाचा?

आत्याबाई सांगायच्या त्यात टोमॅटो नव्हता. नाना म्हणायचे, "काहीतरी लाल लावलं." आपण दोघी तुमच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो, आणि मी वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी पुस्तकातून तुम्हाला सांगितलं की इटलीत त्या महिन्यात घरोघर फळ्यांवर टोमॅटोचा रस वाळवत ठेवतात. तुम्ही म्हणालात, "आपल्या सांडग्यांसारकं." आणि शेंगा फोडत राहिलात. पुढच्या पोळ्याला टोमॅटो तुमच्या तोंडून आला. मी फक्त पाहत राहिले.

खेचराची नरडी? बापू एवढंच म्हणायचे की माझं खेचर कधी ओरडलं नाही. का ओरडलं नाही, ते मी वाचलं. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून त्यांचा आवाज काढून टाकत. हे वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्याचं "त्या मुक्या जनावराच्या कानात बोलला" असं केलंत. माझी माहिती, तुमचं वाक्य. लोकांचे डोळे त्या वाक्याला भरून यायचे.

आणि उन्हाचा क्रम! तो तर सबंध माझा. आत्याबाई गावापासून सुरुवात करायच्या, मग आठवेल तसं. मी तुम्हाला सांगितलं की अक्का, सूर्य आधी बर्मात उगवतो, मग आपल्याकडे, मग इराक, मग इटली. तसं सांगितलं तर सगळी लढाई एका दिवसात बसते. तुम्ही तो क्रम घेतलात. फक्त बापूचं संध्याकाळचं शेवटी नेलंत. मी म्हटलं, तिथे संध्याकाळही सगळ्यांच्या आधी होते, हे चूक आहे. तुम्ही म्हणालात, "खेचर आधीच मेलं तर पोरं फुडचं ऐकतील व्हय?"

पुढच्या पोळ्याला मुलं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत.

मी एकदा तुम्हाला असंही सांगितलं की त्याच श्रावणात पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते, वॉर्सा जळत होतं, पलीकडे समुद्रातल्या बेटांवर माणसं मरत होती. हेही दिवसात घ्या, मुलांना जगाची कल्पना येईल. तुम्ही विचारलंत, "तितं आपलं कुणी हाय का?"

"नाही."

"मग त्यांचं त्यांच्या घरी सांगत असतील."

तुम्ही माझ्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं ते इतक्या सहज ठरवायच्या. जे घेतलंत त्यावर माझं नाव कधी लावलं नाहीत. "ही आमच्या मास्तरणीनं वाचलेली गोष्ट हाय बरं का," एवढं एकदा म्हणायला काय झालं असतं? सहावी-सातवीतल्या मैत्रेयीने मला विचारलं होतं, "मोठ्या आजीला टोमॅटोचं कसं माहीत?" मी म्हटलं, तिलाच विचार. तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "आमच्या घरात समद्यांला म्हाईत असतंय." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावलात. ते डोळा मिचकावणं माफी होती की चेष्टा, हे विचारायचं राहिलं.

त्यानंतर दर पोळ्याला माझं काम एकच, फोन धरणे. "आजी, कॅमेरा जरा मोठ्या आजीकडे कर ना. आजी, अंगठा काढ." माझ्या पोटच्या मुलांची मुलं, आणि मी तिपाई. बैलाचा चेहरा, तुमचा चेहरा, मागे गोठ्याचा पत्रा. माझा हात दुखायचा, पण मी फोन हलू दिला नाही. एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

आपलं खरं भांडण चंद्राचं.

बापूंनी खेचराच्या मरणाच्या संध्याकाळी अर्धा चंद्र पाहिला. पोळा अमावास्येला असतो. अमावास्येला चंद्र दिसत नाही. इतकी वर्षं सगळं घर हे ऐकत आलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही! माझ्या आलं. बापूंच्या डोक्यावर कित्येक आठवडे ढग होते, त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि ते चुकले. संध्याकाळी अर्धा चंद्र दिसला, म्हणजे अष्टमीच्या आसपासची तिथी. खरा पोळा आठवडाभर आधीच होऊन गेला होता. मी हे तुम्हाला आनंदाने सांगायला आले होते. माझं म्हणणं सरळ होतं: जो पोळा होऊन गेला, त्याचं आवतण लागू होत नाही. बापू उगाच आयुष्यभर झुरले. खेचराचं आपण काही देणं लागत नाही.

तुम्ही भाकरी थापत होतात. हात थांबला नाही.

"आवतण दिलं म्हंजे दिलं."

"पण अक्का, दिवसच चुकला होता."

"खेचराला कुठं म्हाईत हुतं?"

"मग निदान चंद्र तरी काढून टाका. ते खोटं पडतं."

"चांद न्हाई काढायची. बापूनं बघितलाय त्यो."

आपण यावर किती वर्षं भांडलो! तुम्ही लोकांसमोर मला चिडवायच्या, "आमच्या मास्तरणीनं बापूचा पोळा नापास केलाय." सगळे हसायचे. आणि पोळ्याला ढग फाटायचे, चंद्र दिसायचा, मुलं श्वास रोखायची, आणि मी हातात फोन धरून मनात म्हणायची, चूक, चूक, चूक.

शेवटी तुम्ही माझ्याकडे बीडला राहायला आलात, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी. मला बरं वाटलं होतं, हे आता सांगते. माझ्या घरात, माझ्या पलंगावर, माझ्या नियमाने. औषधं डब्यात वारानुसार. तुम्ही म्हणालात, "शाळाच हाय ही." तरी सकाळी फोन वाजला की मुलं पहिल्यांदा तुमचीच चौकशी करायची, आणि मी फोन तुमच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जायची.

त्या दुपारी तुमचा उजवा खांदा फार ठणकत होता. मी तिळाचं तेल कोमट केलं. तुम्हीच म्हणालात, "चिमूटभर हळद टाक, सूज उतरंल." मी टाकली आणि चोळायला बसले. तुमचा खांदा माझ्या हाताखाली इतका लहान झाला होता की मी घाबरले. डोळे मिटून तुम्ही म्हणालात,

"मास्तरीण, खांदेमळणी करायलीस व्हय गं?"

"तसंच समजा."

"समजा कावून? करायचीच हाय तर सारी कर. आवतण दे की."

"आषाढात?"

"बापूनं तरी कुठं येळंवर केलती?"

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझा चंद्र मान्य केलात. त्या खोलीत आपण दोघीच. कुणी साक्षीदार नाही, कुणाचा फोन नाही. तुम्ही बरोब्बर अशीच वेळ निवडलीत.

मी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"काय करशील जेवायला?"

"पुरणपोळी."

"तुझी पोळी फाटती."

"फाटू दे. तुम्ही खायला बसा म्हणजे झालं."

"येती," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरभऱ्याची डाळ कुकरला लावली आणि तुम्हाला उठवायला आले. तुम्ही उठला नाहीत. स्वयंपाकघरात शिट्ट्या होत राहिल्या. मला गॅस बंद करायला जायचं सुचलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई वर आली तेव्हा तिने बंद केला.

त्या डाळीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण तेव्हापासून मी बसते तिथे बापू मला दिसतात, हातात पुरी धरलेले. मी माझाच युक्तिवाद स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिला. आषाढ होता. दिवस चुकला होता. खांदा माणसाचा होता, तेल तिळाचं होतं. कुठल्याच नियमाने ती खांदेमळणी होत नाही. आणि दर वेळी तुमचं भाकरी थापतानाचं उत्तर कानात येतं आणि माझा युक्तिवाद तिथेच बसतो.

मला खरं सांगायचं तर रागही येतो, अक्का. मला तो दिवस हवा होता. आयुष्यभर हवा होता. तो मला मिळाला तो असा, की आता मी सांगायला उभी राहिले तर त्यात इटलीनंतर, बापूंच्या चंद्रानंतर, तुमचा खांदा येणार. मी सांगणार आणि लोक तुमच्यासाठी रडणार. गेल्यावरही मधली जागा तुम्ही घेऊन ठेवलीत.

काल मी गावी आले. मिलिंदला म्हटलं, हौशाला धर. तो चकितच झाला.

"काकू, तुमी? काय करत न्हाई त्यो. म्हातारा झालाय."

"मीही झालेय. धर."

मी हात पुढे केला. हौशाच्या खांद्यावर जू बसून बसून कातडं टणक झालेलं आहे, आणि त्याच्या बाजूला ते इतकं मऊ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तरी सांगायचं होतंत. माशी बसल्यावर थरथरवतात तसं त्याने कातडं थरथरवलं. मी हात काढला नाही. रमा दारात उभी होती. ती म्हणाली, "काकू, मग पोळ्याला फोन कुणी धरायचा?"

"तू धर," मी म्हटलं. "आणि अंगठा मधे आणू नकोस."

नंतर अंकुशकडे निरोप पाठवला की गाढव घेऊन ये. त्याने विचारलं, पोळी एकच का? मी सांगितलं, औंदा दोन. एक खेचराची नेहमीसारखी, एक अक्कांची. तुमची मी स्वतः लाटणार आहे. फाटली तर फाटली.

सुमेध, मैत्रेयी, परवा संध्याकाळी फोन लावा. तुमच्याकडे तेव्हा सकाळ-दुपार असेल, ऊन तिकडे उशिरा पोचतं. मी सांगेन. मोठ्या आजीसारखं होणार नाही आणि तुम्ही तसं म्हणू नका, म्हणजे झालं. चंद्र असेल. तो मी काढलेला नाही.

उद्या खांदेमळणी. हौशा आहे, अंकुशचं गाढव आहे, डाळ निवडून ठेवली आहे. त्या दिवसातला शब्द न् शब्द माझ्यापाशी आहे, माझा टोमॅटोसुद्धा, आणि तो मला ऐकू येतो तो अक्कांच्याच आवाजात.